आत्याबाईंचं रेडकू

आमच्या गोठ्यातून सकाळ-संध्याकाळ रेडकाचा आवाज यायचा, पण गोठ्यात रेडकू नव्हतं. होतं ते त्याचं कातडं. आत भाताचा पेंढा भरलेला, पायांच्या जागी काठ्या बांधलेल्या, आणि ते खुंट्याशी उभं करून ठेवलेलं. आवाज काढायच्या त्या माझ्या सासूबाई.

रेडकू गेलं ते भादव्यात. म्हैस नवी व्यालेली, दूध भरपूर, पण रेडकू गेल्यावर तिने पान्हा चोरला. कातडं पुढे ठेवलं की ती ते हुंगायची, चाटायची, आणि तिथेच थांबायची. कासेला हात लावला की पाय झाडायची. मग सासूबाई तिच्या मानेपाशी उभ्या राहून रेडकासारखं ओरडायच्या, आणि म्हैस हळूहळू सैल व्हायची. डोळे अर्धे मिटायची. चरवीत धार वाजायला लागायची.

रेडकासारखं म्हणते मी, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते रेडकू वाटलंच नव्हतं. खरं रेडकू नाकातून ओरडतं, आखूड, आणि शेवटी आवाज वर चढवतं. सासूबाईंचा आवाज लांब, खालच्या पट्टीतला, मध्येच फाटणारा. तोंडात मिशेरी असायची, त्यामुळे तो तोंडातल्या तोंडात घोळायचा. पण वाडीत विचाराल त्याने सांगावं, आयचं रेडकू म्हणजे रेडकूच. वाडीत सगळे त्यांना आय म्हणत.

एकदा बांगड्या भरणारा कासार आला होता. अंगणात बायका हात पुढे करून बसलेल्या, तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. कासार हातातली बांगडी तशीच धरून म्हणाला, "घरात आजारी कोन हाय? ओकतंय कोनतरी."

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कानात बोळं घातलंस काय रे? रेडकू ओरडतंय, ऐकू येत नाय?"

"हे रेडकू?"

"मग काय वाघ?"

काकींचे यजमान ओटीवर दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "अरे, आमच्या वाडीतली रेडकं आयकडं शिकवनीला येतात. मंग त्यांना ओरडाया येतं."

मीही हसले. पण मनात म्हटलं, कासाराला जे ऐकू आलं तेच मलाही येतं, आणि आम्ही दोघंही परगावचे.

माझं माहेर मंगळवेढ्याच्या बाजूला. काळं रान, जोंधळा, आणि नजर जाईल तिथवर सपाट. मामा मुंबईत गिरणीत होते, हे त्यांच्याच खात्यात होते, तिथे सोयरीक जमली. वडील मी लहान असतानाच गेले होते आणि आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर दुसऱ्या गावी जायला हवं, आणि मला कोण पाठवणार? चौथी झाली, पाटी फळीवर गेली. काही वर्षांनी मी महाबळेश्वरावरून आंबेनळीचा घाट उतरून पोलादपुरात आले, आणि तिथून चालत उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या दहाबारा घरांच्या वाडीत. हे हळद उतरायच्या आत मुंबईला परत गेले. यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला.

सासूबाईंना आय म्हणायला माझी जीभ वळेना. आई माझी तिकडे होती. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, तेच मी म्हणत राहिले. त्यांनी कधी टोकलं नाही. त्यांनी मला कशालाच टोकलं नाही, हे मी आज सांगते तेव्हा माझ्या सुनेला खरं वाटत नाही. पहिली मुलगी झाली, तेव्हा घरात कुणी तोंड वाकडं करायच्या आत त्याच म्हणाल्या, "लक्षुमी आली. पानी तापवा." बाळंतपणानंतर मला मोठा ताप आला आणि ताप उतरला तेव्हा माझं दूध गेलेलं होतं. त्यावरही त्या एवढंच म्हणाल्या, "म्हस हाय ना." मी मात्र रोज घाबरलेली. बसू कुठे, बोलू किती, हसले तर चालेल का, सारखा हाच घोर. सपाट रानात वाढलेल्या माणसाला डोंगरात आणखी एक गोष्ट घाबरवते: आवाज निघतो इकडून आणि परत येतो समोरून. बोलावं की नाही असंच वाटत राहतं.

तर मुलगी म्हशीच्या दुधावर होती, आणि म्हैस आत्याबाईंच्या आवाजावर.

पौषात आत्याबाई पाणवठ्यावरच्या शेवाळलेल्या दगडावरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. वाडीतल्या जाणत्याने पाला बांधला, पण हात कोपरापर्यंत सुजला. मग डोलीतून त्यांना खाली पोलादपुरात नेलं आणि तिथून एस.टी.ने महाडला, सरकारी दवाखान्यात. सासरे बरोबर गेले. महाडात त्यांचे कुणी नातलग होते, तिथे राहायचं ठरलं. निघताना आत्याबाई डोलीतून म्हणाल्या, "म्हशीला बग." मी मान हलवली. पोरीला बघ म्हणाल्या नाहीत. म्हशीला बघणं म्हणजेच पोरीला बघणं, ते दोघींनाही ठाऊक होतं.

घरात मी आणि पाच महिन्यांची मुलगी उरलो.

मला आवाज काढता येत होते. खोटं नाही सांगत. माहेरी मी टिटवी काढायचे, करडू काढायचे, मोर काढायचे. चौथीच्या वर्गात गुरुजींनी एकदा मला पुढे उभं केलं आणि पोरांना डोळे मिटायला लावले. मी करडू काढलं, तर दोघंतिघं बाकाखाली बघायला लागले. त्यामुळे त्या संध्याकाळी चरवी घेऊन गोठ्यात शिरताना, आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात, मला थोडा धीर होता. म्हटलं, आत्याबाई रेडकू काढतात ते तसंच आहे. मी खरंखुरं काढीन. मग म्हैस का नाही पान्हा घालणार?

मी काढलं. नाकातून, आखूड, शेवटी वर चढवून.

म्हशीने कान टवकारले. मान वर केली. पण कातड्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडेही नाही. ती दाराकडे बघायला लागली. मी पुन्हा काढलं. तिने दावं ताणलं आणि अशी रेकली की माझ्या हातातली चरवी पडली. मग ती थांबेचना. दाराकडे तोंड करून रेकत राहिली, खुंट्याभोवती फिरत राहिली. कासेला हात लावू देणं तर लांबच, मला तिच्या बाजूलाही उभं राहता येईना.

काकी धावत आल्या. "काय केलंस गो तिला?"

"रेडकू काढलं."

"हे रेडकू?"

मागून काका आले होते, दारात उभे होते. म्हणाले, "पुन्यांदा काढ बगू."

मी काढलं. म्हैस पुन्हा उसळली.

काका मान हलवून म्हणाले, "नाय. ह्ये रेडकू नाय. घाटावरचं असंल."

मला त्याही वेळी कळलं नाही की हे दोन पायांवरचे दोघं नाही म्हणत होते आणि चार पायांवरची एकटी हो म्हणत होती. मला वाटलं, काका म्हणतात तेच खरं. माझं चुकतंय. चुकलं की माझंच चुकलेलं असणार, याची सवय फार लहानपणी लागते.

काकींच्या घरी एक गाय होती, ती जेमतेम लोटाभर द्यायची. त्यातलं वाटीभर त्यांनी मुलीसाठी आणून दिलं. बाकी मी नाचणीची पेज पातळ करून, फडक्यातून गाळून पाजली. ती प्यायली, आणि थोड्या वेळाने रडायला लागली.

मग मी सराव करायला लागले. आज सांगताना हसू येतं. पोरीला झोळीत निजवायचे आणि घरामागे फणसाखाली उभी राहून रेडकू काढायचे. लांब करून बघायचे, जाड करून बघायचे, दोनदा जोडून बघायचे. समोरच्या डोंगरावरून प्रत्येक वेळी ते परत यायचं, आणि माझंच मला काहीतरी निराळं ऐकू यायचं. वाडीला सवय झाली. पाण्याला गेले की बायका म्हणायच्या, "आज रेडकाचा घसा बसला वाटतं." गडी माणसं वाटेने जाताना आपसात ओरडून दाखवायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण मी खाली मान घालून कळशी भरायचे आणि मला वाटायचं, ही सगळी हसणार आणि माझी पोर उपाशी मरणार.

म्हैस सकाळी थोडी धार द्यायची, कास फुटायला आल्यावर नाइलाजाने देते तेवढी. तीही कमी होत चालली. काकी म्हणाल्या, "अशानं आटंल गो ही. येकदा आटली म्हंजे मंग आय येऊन काय करनार?" मुलीच्या रडण्याचा आवाज बारीक झाला होता. ती जोराने रडायची तेव्हा मला भीती वाटायची. हळू रडायला लागली तेव्हा जास्त वाटली.

एक दुपार आठवते. मुलीला मांडीवर घेऊन ओटीवर बसले होते. व्हाळाच्या बाजूने, म्हणजे घराखालून पाण्याची घळ जाते तिकडून, आवाज आला. माझाच आवाज. नाकातून, आखूड, शेवटी चढलेला. पुन्हा आला. पुन्हा आला. कुणीतरी माझी नक्कल करत होतं. मी आत जाऊन बसले. तरी येत राहिला. मी कानावर पदर घेतला. म्हटलं, एवढा वेळ? हसण्यालाही काही सुमार असतो की नाही?

तेवढ्यात काकी अंगणातून बोलतच आल्या. हात पिठाचे होते.

"अगो, पुरे कर आता! सकाळपास्नं चाललंय. आमचं म्हातारं निजलंय, त्याला वाटतं..."

मी दारात उभी राहिले. तोंड मिटलेलं. खांद्यावर पोर.

आणि व्हाळातून रेडकू ओरडलं.

काकी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते पुन्हा ओरडलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग मागे वळून बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू नाय?"

"नाही हो. मला वाटलं, तुमच्याकडचं कुणीतरी मला चिडवतंय."

"अगो बाय माझे!" म्हणून त्या ज्या धावल्या!

काकांनी चार दिवसांमागे सासुरवाडीहून, तुडीलकडून, एक लहान रेडकू आणलं होतं. आईपासून नुकतंच तोडलेलं. वाडीत कुणाला त्याचा आवाज ओळखीचा नव्हता. ते सकाळीच दावं सोडवून खालच्या दिशेला, आलं त्या वाटेला, निघालं होतं आणि व्हाळातल्या दोन दगडांमध्ये मागच्या पायाने अडकलं होतं. सकाळपासून ओरडत होतं, आणि अख्खी वाडी भाकऱ्या थापत, दोर वळत म्हणत होती की सूनबाय शिकतेय.

आम्ही दोघींनी आणि काकांनी मिळून त्याला काढलं. पाय सोलवटला होता, मोडला नव्हता. मला एक गोष्ट तिथे, चिखलात उभं राहून, कळली. नक्कल करणारा मध्ये थांबतो. कुणी हसलं का, कुणी ऐकलं का, हे बघायला. हे थांबतच नव्हतं. मी नीट ऐकलं असतं तर घरात बसूनही कळलं असतं. पण मी ऐकत होते ते आवाज नव्हे, हसणं. आणि हसत कुणीच नव्हतं.

काका रेडकू खांद्यावर घेऊन वर चढले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाटावरचं नव्हतं गो तुझं. रेडकूच होतं."

मग काकींनाच सुचलं. "ह्याला तुमच्या म्हशीला लावून बगू. खरं रेडकू हाय. आवाज बी, वास बी. घालील पान्हा."

आम्ही ते गोठ्यात नेलं. ते बिचारं उपाशी, थरथरत, थेट कासेकडे गेलं. म्हशीने त्याला एकदा हुंगलं आणि शिंगाने असं ढकललं की ते भिंतीशी जाऊन पडलं. उठून पुन्हा ओरडलं. म्हशीने तोंड फिरवलं आणि कातडं चाटायला लागली.

काकी रेडकू घेऊन गेल्या. मी गोठ्यातच बसून राहिले. पोर मांडीवर, चरवी रिकामी. म्हशीला खरं रेडकू नको होतं. माझं खऱ्यासारखं रेडकू ऐकलं की ती आपलं गेलेलं शोधायला लागायची. मग आत्याबाई काढत होत्या ते काय होतं? ती त्याला फसत होती, असं मी आजवर धरून चालले होते. ती फसलेलीच नव्हती. तिचं रेडकू गेलं होतं हे तिला माहीत होतं, आणि रोज दोन वेळा एक म्हातारी येऊन तिच्या मानेपाशी उभी राहते, हेही तिला माहीत होतं.

मी उठले. पोरीला पेंढ्यावर निजवलं आणि कोनाड्यातली आत्याबाईंची मिशेरीची डबी घेतली. मी कधी मिशेरी लावली नव्हती. चिमूटभर गालात धरली, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच म्हशीच्या मानेपाशी उभी राहिले. आत्याबाई आधी काय करतात ते आठवलं. चरवीच्या बुडावर दोनदा बोटं वाजवतात. वाजवली. घसा खाकरतात. खाकरला. मग तो लांब, फाटका आवाज, मिशेरीत घोळलेला. मग खोकला. खोकल्यानंतर, "ये गो बाय, ये."

म्हशीने एक कान मागे केला.

मी पुन्हा केलं. पोटात ढवळत होतं, त्यामुळे आवाज आपोआपच तसा येत होता. कासार खोटं बोलला नव्हता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "ये गो बाय, ये." म्हशीने मान खाली सोडली. मी खाली बसले, कासेला हात लावला. तिने पाय झाडला नाही. पहिली धार चरवीच्या बुडावर वाजली तेव्हा मी दोन्ही गुडघ्यांत चरवी घट्ट धरून हमसून रडले. हात थांबवायचा नव्हता म्हणून डोळे पुसले नाहीत.

बाहेरून काकींचा आवाज आला. "आय! कवा आलीस गो? हात कसा हाय?"

मी धार काढत राहिले. तोंडात मिशेरी होती.

त्या दारात आल्या, मला बघितलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "पोरीला मी घेते. तू काढ."

आत्याबाई आल्या तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. त्या संध्याकाळी त्यांना गोठ्याच्या दाराशी बसवून मी धार काढायला गेले. मिशेरी आता सोसत होती. चरवी वाजवली, खाकरले, आवाज काढला, खोकले.

आत्याबाई म्हणाल्या, "हे कोनाचं गो रेडकू?"

"तुमचंच, आत्याबाई."

"माझं? मी अशी ओरडते?"

"हो."

"ह्यॅ! हे रेडकू काय? म्हातारी ओकल्यावानी. आनि मधी खोकतेस कशाला?"

"तुम्ही खोकता."

"मी कुटं खोकते?" असं म्हणाल्या आणि त्यांना खोकला आला.

काकी अंगणात होत्या. त्यांनी हातातली सुपली खाली ठेवली आणि पदरात तोंड घातलं. आत्याबाई थोडा वेळ रागावून बसल्या. मग म्हशीकडे बघितलं. ती डोळे मिटून रवंथ करत होती आणि चरवीवर फेस चढत होता. त्या डाव्या हाताने कातड्याच्या मानेवरची धूळ पुसत राहिल्या. हात बरा झाल्यावरही धार मीच काढत राहिले. त्यांनी परत मागितली नाही. मीही दिली नाही.

पुढे दोन वर्षांनी मला माहेरी जायला मिळालं. पहिल्यांदाच. ह्यांनी महाबळेश्वरापर्यंत सोडलं, पुढे मामा आले. आमचं घर होतं तिथेच होतं. रान तेवढंच सपाट, आकाश तेवढंच मोठं. पण मी अंगणात उभी राहून हाक मारली की ती कुठूनच परत येत नव्हती, आणि मला चुकल्यासारखं होत होतं. भावंडं जवळ जमली. म्हणाली, "ताई, आवाज काढ की. पैल्यासारखा."

"काय काढू?"

"रेडकू काढ. तिकडं म्हशी हाईत म्हणं."

मी ओसरीवर बसले होते. मुलगी शेजारी मातीत खेळत होती. मी नाकातून काढायला गेले, माझं जुनं. आलं नाही. आलं ते लांब, खालचं, मध्ये फाटलेलं. आणि शेवटी खोकला.

भावंडं एकमेकांकडे बघायला लागली.

आतून आईने विचारलं, "भाईर कोण म्हातारी आलीया गं? तिला पाणी द्या. किती खोकतीया."

मला पुन्हा खोकला आला.

मुलगी मात्र खेळ टाकून उठली, धूळभरल्या हातांनी माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली. "रेडकू," म्हणाली. आणि दुधासाठी वाटी शोधायला लागली.